बेटावरचा तंबू आणि गोडं पाणी

आमच्या लातूरकडची माणसं आता फिरायला खूप निघतात आणि मला ते मनापासून आवडतं. आधी फिरणं म्हणजे तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, फार तर तिरुपती. समुद्र बघायचा तर गणपतीपुळे, तेही देवाच्या निमित्तानं. आता पोरं मोबाईलवर रील बघतात आणि म्हणतात आपण ग्लॅम्पिंगला जाऊ, म्हणजे तंबूच, पण आत पलंग, जाड गादी, पंखा नाहीतर एसी, अटॅच बाथरूम, बाहेर लाकडी डेक आणि समोर समुद्र किंवा खाडी. आमच्या स्टाफरूममध्ये यावरून एकदा भरपूर चर्चा झाली. एका मॅडमचं म्हणणं असं की तंबूत झोपायला एका रात्रीचे पाच-सहा हजार कशाला द्यायचे, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, आपण शेतात कडब्याची कोप (खोपटं) घालतोच की, तिथंच झोपा एक रात्र. दुसरे सर म्हणाले, पैसे गादीचे आणि समोर जे दिसतं त्याचे.

मी तेव्हा काही बोलले नाही, पण माझं मत वेगळं आहे आणि ते सांगायलाच हा लेख लिहितेय. बेटावर किंवा खाडीकाठच्या तंबूत आपण जे पैसे मोजतो ते खरं तर गोड्या पाण्याचे असतात. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे तुम्हाला शॉवरमधून गोडं पाणी मिळतंय, तर ते कुठून येतं, किती आहे, कुणाच्या वाट्याचं आहे, हे ज्याला समजलं त्याला ती जागा समजली. आणि हे समजायला मराठवाड्यातल्या माणसाइतका लायक पाहुणा दुसरा कुणी नाही असं मला वाटतं.

आम्ही गेलो होतो मालवणकडं. दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, आई आणि मी. लातूरहून मालवण 500 किलोमीटरच्या आसपास पडतं, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाट उतरून कणकवली. घाट उतरताना हवा बदलते, काच खाली केली की ओल अंगाला चिकटते, पोरं लगेच ओरडायला लागली की आला समुद्र, आला समुद्र, आणि समुद्र अजून लई लांब होता. पण माझ्या लक्षात राहिलं ते मिरज. मिरज जवळ आलं तशी आई गाडीत मागं एकदम ताठ बसली आणि म्हणाली, "हितूनच यायचं ना गं आपलं पाणी?"

2016 चा उन्हाळा आमच्या घरात कुणीच विसरलेलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी नको म्हणून 144 कलम लावलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वॅगन होत्या, साधारण 5 लाख लिटर, पुढं 50 वॅगनची गाडी लागली म्हणजे 25 लाख लिटर. आई तेव्हा भांडी घासलेलं पाणी तुळशीला, कपड्याचं पाणी संडासात, असं सगळं मोजून करायची, आणि ती सवय धरण भरल्यावरही गेली नाही. तर असं घर घेऊन मी बेटावर निघाले होते.

मालवण तालुक्यात खाड्यांमध्ये बरीच लहान लहान बेटं आहेत, त्यांना तिकडं जुवा म्हणतात. नारळ, थोडी भातशेती, चार-दोन घरं, आणि जायला होडी. आम्ही राहिलो ती जागा अशाच एका जुव्यावर होती, एका घरच्या माणसांनी आपल्याच वाडीत नारळाखाली मोजकेच तंबू लावलेले. जागेचं नाव मी मुद्दामच लिहीत नाहीये, आधीच तिथं जागा कमी आहे. होडी कधी सुटणार हे घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते. ओहोटीला धक्क्याजवळ चिखल उघडा पडतो आणि होडी लागतच नाही. मालक काकांनी आम्हाला भरतीचा हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. प्रत्येक खाडीत वेळ जरा मागंपुढं होते पण ढोबळ हिशोब हाच. आणि आईला तर पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ! चौथीपर्यंत शिकलेली माझी आई, तिनं तिथंच धक्क्यावर उभं राहून अख्खी पाऊणकी म्हणून दाखवली आणि काकांनी हात जोडले. साठ वर्षांत त्या पाऊणकीचा तिला बाजाराच्या हिशोबाशिवाय कधी उपयोग झाला नव्हता, आणि आता समुद्राचं वेळापत्रक तिला येत होतं. पुढं तिथं असेपर्यंत होडीचं आम्ही तिलाच विचारायचो.

तंबू बघून पोरं तर वेडीच झाली. जाड कॅनव्हास, आतून पिवळसर कापड, जांभ्या दगडाचा हातभर उंच चौथरा आणि त्यावर फळ्या, मच्छरदाणीची जाळी आणि त्याला झिप. मागच्या बाजूला बाथरूम, त्यात शॉवर. वहिनी गादीवर बसून बघत होती, दादा चार्जरला प्लग शोधत होता, आणि आई मात्र तंबूत न शिरता बाहेरच उभी. म्हणाली, "पाणी कुठलंय गं यांचं?"

काकूंनी तिला हाताला धरून विहिरीवर नेलं. मी पण मागं गेले. विहीर अगदी उथळ, आमच्याकडच्या विहिरीत वाकून बघितलं तर खाली अंधारच दिसतो, इथं पाणी असं समोर, दोन-तीन माणसांच्या उंचीइतकं खाली असेल नसेल. जांभ्याची बांधणी, कडेला शेवाळ, रहाटाला नायलॉनची दोरी आणि दोरीला जिथं हात लागतो तिथं ती मऊ, केसाळ झालेली. काकूंनी कळशी काढली, आईनं ओंजळीत घेतलं, तोंडात फिरवलं आणि गिळलं. मग मला म्हणाली गोडंय. काकू म्हणाल्या, "पाणी गोडा आसा, पण जपान वापरूक व्हया." म्हणजे पाणी गोड आहे, पण जपून वापरायला हवं.

मी शाळेत भूगोल शिकवते त्यामुळं मला हे वाचून माहीत होतं, पण वाचणं वेगळं आणि ओंजळीतलं पाणी वेगळं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 च्या आसपास आणि गोड्याची 1. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि ताकावर लोणी तरंगावं तसं खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, बेटाच्या मधोमध जाड आणि कडेला पातळ होत गेलेलं. विहीर जाते ती या थरात. हिशोब असा आहे की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं पाणी तग धरतं. ऐकायला खूप वाटतं, पण उलटा विचार करा. वरची पातळी एक मीटर उतरली की खालून खारं पाणी तेवढ्याच हिशोबानं वर सरकतं. आणि लहान जुव्यावर ती वरची उंची असते ती हातभर, वीतभर. मोटार लावून सपाट्यानं उपसलं तर विहिरीच्या बरोबर खाली खारं पाणी वर ओढलं जातं आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर लवकर सुधारत नाही, पुढचे पावसाळे त्याला लागतात. आमच्याकडं बोअर आटतं, तिथं विहीर आटत नाही पण खारट होते, आणि भरलेल्या विहिरीकडं बघत तहानलेलं राहणं मला तरी जास्त वाईट वाटलं.

पाऊस किती म्हणाल तर सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, लातूरला सात-आठशे. तरी कोकणात मे महिन्यात गावोगाव टँकर फिरतात. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पडलेलं पाणी बघता बघता निघून जातं. दादा हे ऐकून गप्पच झाला, त्याला वाटायचं कोकणात पाण्याची काय कमी.

त्या जागेची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिथं पाण्याचा हिशोब पाहुण्यापासून लपवलेला नव्हता. शॉवर होता, पण शेजारी बादली-तांब्या आणि काकांनी सरळ सांगितलं, शक्यतो बादलीनं करा. चालू शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की 80-100 लिटर जातं, बादलीत 15-20 मध्ये होतं. अंघोळीचं पाणी पाईपानं नारळाच्या आळ्यात सोडलेलं. चादरी रोज बदलायच्या नाहीत. संडासाला बायो-डायजेस्टरची, म्हणजे जिवाणूंकडून मैला कुजवणारी टाकी, कारण रेताड जमिनीत साधा शोषखड्डा केला तर ती घाण थेट त्याच गोड्या थरात उतरते ज्यातून आपण पाणी पितो. मोटार दिवसात ठरावीक वेळ चालायची, सकाळी थोडी, संध्याकाळी थोडी, मधे विहिरीला दम खाऊ द्यायचा. तंबू वाढवा म्हणून त्यांच्या मागं लोक लागलेत, पण विहीर जेवढी पुरते तेवढेच तंबू, असं काकांचं ठरलेलं. मला हा माणूस फार मोठा वाटला.

याच्या उलटही मी बघितलंय. किनाऱ्यावर एका ठिकाणी, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबासोबत जेवायला गेलो होतो, तिथं प्रत्येक तंबूपुढं एक छोटा स्विमिंग पूल, आत निळ्या लाद्या, आणि मागच्या रस्त्यावर टँकर उभा. रात्री मोठे फ्लडलाईट आणि स्पीकर. पोरं खूश होती, त्यांचं काही चुकत नाही. पण मला घास जाईना. मालवणसारख्या गावात एप्रिल-मेला बाया कळशी घेऊन चालतात हे मला ठाऊक होतं, आणि ते पाणी इथं पायाचे घोटे बुडवायला साठवलेलं.

कायदा याबाबतीत पुष्कळ स्पष्ट आहे, लोकांना माहीत नसतो एवढंच. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना 1991 ची, मग 2011 ची, मग 2019 ची. 2011 च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी घातली, सूट फक्त स्थानिक वस्तीला आणि तीही त्यांच्या स्वतःच्या वापरासाठी. 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून हातानं काढायला परवानगी, पिण्यासाठी, शेती-बागेसाठी, मासेमारीसाठी, आणि तीही दुसरा काही स्रोत नसेल तर. किनाऱ्यावर सिमेंटची हॉटेलं उठवणं या नियमांमुळं अवघड आहे आणि तंबू, झोपड्या अशा तात्पुरत्या गोष्टींना जागा मिळते, म्हणूनच तर किनाऱ्याकिनाऱ्यानं तंबू वाढले. माझं म्हणणं एवढंच की तंबू तात्पुरता असला तरी त्याची बाथरूम तात्पुरती नसते, ती विहिरीवर कायमचीच बसलेली असते. तंबूवाल्यांना परवानगी देताना तंबू किती याच्या आधी विहीर कोणती आणि पाणी किती हे विचारलं गेलं पाहिजे.

आणि हा काही नवीन विचार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मालवणच्या धक्क्यावरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. कुरटे बेट, 48 एकरांच्या आसपास जागा, 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांच्या उपस्थितीत पायाभरणी आणि 1667 ला काम पुरं. हिरोजी इंदुलकरांची देखरेख. तटबंदी तीनेक किलोमीटर, पायात शिसं ओतलेलं, दरवाजा असा वळवून लपवलेला की समोरून कळतच नाही. गाईड हे सगळं छान सांगत होता, लोक फोटो काढत होते, पण आमची आई आणि मी पोचलो विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी अरबी समुद्र, लाटा तटावर आपटतायत, आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. याच पाण्यावर तिथं साडेतीनशे वर्षं माणसं राहिली, आजही काही कुटुंबं राहतात आणि पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की त्यांना हेच पाणी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाबद्दल हेच सांगितलंय, आधी पाणी बघा आणि मग किल्ला बांधा. आई साखरबावेच्या काठाला हात लावून नमस्कार करत होती, इतर पर्यटक तिच्याकडं बघत होते, मला तिचा अभिमान वाटला.

किल्ल्याच्या आजूबाजूचा समुद्र 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटर, तिथं खाली प्रवाळ आहेत. किनाऱ्यावरचं सांडपाणी शेवटी त्यांच्याच अंगावर जातं, हेही लक्षात ठेवायला हवं.

पाण्यानंतर दुसरी गोष्ट अंधार. जुव्यावर रात्री नऊनंतर बाहेरचे दिवे बंद, फक्त पायवाटेला घोट्याच्या उंचीवर मंद पिवळे दिवे, खाली वळवलेले. सिंधुदुर्गातल्या तांबळडेग, तोंडवळी, वायंगणी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, एका घरट्यात शंभरेक अंडी, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात. पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडं उजेड तिकडं चालायला लागतं, कारण लाखो वर्षं रात्री सगळ्यात उजळ जागा समुद्राचीच असायची. आता हॉटेलचा फ्लडलाईट समुद्रापेक्षा उजळ असतो, पिल्लं उलटी रस्त्याकडं जातात आणि मरतात. जुव्यावर कासवं येत नाहीत, ती किनाऱ्यावरची गोष्ट, पण काका म्हणाले सवय सगळीकडं सारखी असलेली बरी. आणि अंधाराचा फायदा आम्हालाही झाला. दादाच्या पोरानं खाडीत काठी घातली आणि पाणी निळं चमकलं. थंडीच्या दिवसांत कधी कधी या किनाऱ्यावर एक सूक्ष्म जीव वाढतो, नॉक्टिल्युका, पाणी हललं की तो उजेड देतो. पोरगं काठी हलवत राहिलं, थांबायलाच तयार नाही. त्याला आम्ही जबरदस्तीनं झोपायला नेलं.

तंबूबद्दल एक-दोन गोष्टी सांगते, जाणाऱ्यांच्या कामाच्या आहेत. खाऱ्या हवेत झिप लवकर गंजतात, काकू त्यांना अधूनमधून मेण चोळतात, त्यामुळं झिप अडली तर ओढाताण करू नका. पहाटे कॅनव्हासच्या आत दव धरतं, कपडे भिंतीला टेकवून ठेवू नका. दुपारी तंबू तापतो, अगदी नारळाच्या सावलीतही, त्या वेळी आत बसण्यात अर्थ नाही. म्हातारी माणसं असतील तर होडीत चढता-उतरता येतं का ते आधी विचारा, भरतीला सोपं जातं.

खाण्याचं आमचं मस्त जमलं. आई माळकरी, तिला काकूंनी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं दिलं, ती म्हणाली हे आपल्याकडं का नाही करत. बाकीचे मासे खात होते. आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती काकूंना इतकी आवडली की निघताना कोकमाच्या आगळाची बाटली आमच्या पिशवीत आली आणि उरलेली चटणी त्यांच्या डब्यात राहिली.

आता कधी जायचं ते सांगते, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक मे महिन्यात निघतात, पोरांना सुट्टी असते आणि आपल्याकडं ऊन सोसवत नाही म्हणून. पण मे म्हणजे तिकडच्या विहिरींचा सगळ्यात कठीण महिना. गोडा थर सगळ्यात पातळ झालेला असतो आणि नेमकी तेव्हाच सगळ्या महाराष्ट्राची गर्दी. काकांनी तर मे मध्ये पाहुणे निम्म्यावर आणलेत, महिन्याच्या शेवटी तंबू उतरवून, वाळवून, घडी घालून माळ्यावर ठेवतात आणि पावसाळाभर जुवा विहिरीला सोडून देतात. ऑक्टोबरच्या शेवटी परत लावतात तेव्हा विहीर काठोकाठ असते. म्हणून आपल्या लोकांना माझं सांगणं आहे की दिवाळीच्या सुट्टीत जा, नाहीतर डिसेंबर-जानेवारीत शनिवार-रविवार जोडून जा. फोनवर बुकिंग करताना एसी आहे का, वायफाय आहे का, हे विचारतोच आपण, तसं पाणी विहिरीचं का टँकरचं, तंबू किती आणि विहिरी किती, सांडपाणी कुठं सोडता, रात्री दिवे बंद करता का, हेही विचारा. जो माणूस या प्रश्नांवर चिडत नाही, उलट खुलून बोलायला लागतो, त्याच्याकडं जा. आमच्या स्टाफरूममधल्या त्या मॅडमना मी काकांचा नंबर दिलाय, त्या नोव्हेंबरात जातायत, आणि त्यांच्या सासूबाईंना पण पाऊणकी येते म्हणे.